जुन्या तोंडवळ्याचा मिररलेस कॅमेरा: बेळगाव भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निकॉन झेड एफ वापरतो. तो गळ्यात असला की खडेबाजारापासून निपाणीच्या बसस्टँडपर्यंत कोणी ना कोणी हटकतंच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. कॅमेरा पदरचे पैसे घालून घेतलाय, त्यामुळे कौतुक आणि तक्रार दोन्ही करायचा हक्क आहे.

काय गा, ह्याला रोल अजून मिळतो काय?

रोल नाही, कार्ड. कॅमेरा २०२३ साली बाजारात आला. रूप घेतलंय निकॉनच्याच एफएम२ वरून, आणि तो १९८२ चा. आत मात्र २४.५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम, म्हणजे रोलच्या चौकटीएवढा, डिजिटल सेन्सर आहे.

ज्यांनी रोलवर काम केलंय ते जुने फोटोग्राफर तोंडाने काही विचारत नाहीत, कॅमेरा हातात घेतात. मग डावीकडची चकती चिमटीत धरून वर ओढायला बघतात, कारण एफएम२ मध्ये तिथे रोल गुंडाळायची किल्ली होती आणि ती वर ओढली की मागचं झाकण उघडायचं. इथे त्या जागी आयएसओची (सेन्सर उजेडाला किती दाद देणार त्याची) डायल आहे. ती काही वर येत नाही. मग एकदा माझ्याकडे बघतात, एकदा कॅमेऱ्याकडे, आणि हसून परत देतात. कन्नड बोलणारे "हळे कॅमेरा एन्री?" (जुना कॅमेरा काय हो?) म्हणतात. मी "इल्लरी, होसदु" (नाही हो, नवा आहे) म्हणतो, पण पटत कुणालाच नाही.

मिररलेस म्हणजे काय आणि रेट्रो म्हणजे काय?

डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असतो, तो प्रकाश वर डोळा लावायच्या भिंगात पाठवतो आणि फोटो काढताना उचलला जातो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं ते डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर येतं, म्हणजे फोटो उजेड येणार की अंधार हे बटण दाबायच्या आधीच कळतं. रेट्रो हा केवळ बाहेरचा भाग: वर आकडे कोरलेल्या डायली, चामड्यासारखं दाणेदार आवरण, मधे टोकदार कपाळ. त्या कपाळात एफएम२ च्या काळी काचेचा प्रिझम असायचा, आता इलेक्ट्रॉनिक पडदा आहे.

डायली खरंच चालतात की शोभेच्या आहेत?

चालतात. पण अर्ध्याच, आणि हे दुकानदार सांगत नाही.

आधी चांगलं सांगतो. वरच्या तिन्ही डायली पितळी आहेत: डावीकडे आयएसओ, उजवीकडे शटर (ते किती वेळ उघडं राहणार; २५० म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग), टोकाला एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, कमी-जास्त करायची. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली की प्रत्येक टप्प्याला टक् होतं, आणि शटरच्या एका टप्प्याला उजेड बरोबर दुप्पट किंवा निम्मा होतो. ह्याचा उपयोग गणपत गल्लीत उभं राहिलं की कळतो. सकाळी दहाला रस्त्याची एक बाजू उन्हात आणि दुसरी दुकानांच्या सावलीत असते. उन्हातल्या फुलवालीचा फोटो काढून सावलीतल्या भांड्यांच्या दुकानाकडे वळायचं, तर कॅमेरा कमरेशी असतानाच तीन टप्पे मागे घ्यायचे. पडदा सुरू करावा लागत नाही, कॅमेरा डोळ्याला लावावा लागत नाही. कॅमेरा बंद असला तरी आकडे समोर दिसतात. मला ह्या कॅमेऱ्यात आवडलेली गोष्ट हीच: ठरवायचं काम आधी होतं आणि कॅमेरा वर जातो तेव्हा फक्त माणसाकडे बघायचं उरतं.

आता दुसरी बाजू. आयएसओ डायलीखाली एक खटका आहे, त्यावर पी, एस, ए, एम असे मोड. बरेचजण ‘ए’ वर ठेवतात, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने. मग शटरच्या डायलीला काही कामच उरत नाही. तिच्यावर २५० कोरलेलं दिसत असतं आणि आत कॅमेरा साठावर फोटो काढत असतो. लिहिलंय एक, चाललंय भलतंच. ज्याला कायम ‘ए’ किंवा ‘पी’ वरच काम करायचंय त्याने हा कॅमेरा दिसण्यासाठी घेतला तर हरकत नाही, पण डायलींसाठी घेतोय असं म्हणू नये.

मग अ‍ॅपर्चरची रिंग कुठे आहे?

नाही! हीच माझी मोठी तक्रार. सोबत मिळणारी ४० मिमी एफ/२ ची एसई लेन्स बाहेरून जुन्या निक्कोरसारखी दिसते, रबराच्या खाचा तशाच, पण तिच्यावर एकही आकडा नाही. अ‍ॅपर्चर बोटाजवळच्या छोट्या चाकाने बदलायचं आणि ते किती झालं हे वरच्या खिडकीत बघायचं. खिडकी बोटाच्या नखाएवढी, आणि कॅमेरा बंद केला की आकडा गेला. तीन आकड्यांपैकी दोन कोरलेले आणि तिसरा विजेवर, असा हा अर्धवट संसार. फुजीफिल्मच्या बहुतेक एक्सएफ लेन्सांना अ‍ॅपर्चरची रिंग असते. त्या बाबतीत ते जास्त प्रामाणिक आहेत.

घरात जुन्या निकॉन लेन्स पडून आहेत. त्या चालतील?

चालतील, आणि वरच्या तक्रारीवर उपाय तोच आहे.

आमच्या काकांचा शहापुरात फोटो स्टुडिओ होता. त्यांची ५० मिमी एफ/१.८ ही हाताने फोकस करायची एआय-एस लेन्स माझ्याकडे आली. निकॉनच्या जुन्या आणि नव्या माउंटमधलं (लेन्स बसते त्या कडीपासून रोल किंवा सेन्सरपर्यंतचं) अंतर वेगळं, म्हणून मधे एफटीझेड-२ हा अ‍ॅडॅप्टर लावावा लागतो. मेन्यूत लेन्सचा फोकल लेन्थ आणि कमाल अ‍ॅपर्चर एकदा नोंदवायचा, म्हणजे कॅमेऱ्यातली हात थरथरण्यावरची यंत्रणा त्या हिशोबाने काम करते. कितीवर फोटो काढला हा आकडा फाइलमध्ये नोंदला जात नाही, तेवढं सोडून द्यावं लागतं. स्वस्तातल्या काही जुन्या ऑटोफोकस लेन्सही बसतात, पण त्यांना फिरवायची मोटर कॅमेऱ्यात किंवा अ‍ॅडॅप्टरमध्ये नाही, तेव्हा फोकस हातानेच.

आता ह्या जोडीत मजा अशी की अ‍ॅपर्चर रिंगवर, शटर डायलीवर, आयएसओ डायलीवर, तिन्ही आकडे एका नजरेत. कॅमेरा पहिल्यांदा पुरा झाला असं मला तेव्हाच वाटलं. शिवाय ह्या कॅमेऱ्याची एक खरी नवी करामत जुन्याच लेन्सवर दिसते: हाताने फोकस करतानाही तो माणसाचा चेहरा आणि डोळा ओळखतो आणि त्याच्याभोवती चौकट धरतो. भिंगाचं बटण दाबून चित्र मोठं केलं की थेट डोळ्यावर जाता येतं. काकांच्या वेळी लग्नातल्या मुलीच्या नथीवर फोकस धरायचा असा रिवाज होता, म्हणजे डोळा आपोआप जवळपास यायचा. आता नथीची गरज उरली नाही.

एफ/१.८ वर बोलताबोलता हलणाऱ्या माणसाचा फोकस मात्र चुकतोच. मी एफ/४ वर ठेवतो आणि दोन-तीन मीटरवर रिंग बसवून चालतो.

हातात कसा बसतो?

ओल्या साबणाच्या वडीसारखा. समोर पकड जवळजवळ नाही, आणि बॅटरी-कार्डासकट वजन ७१० ग्रॅम. १७० ग्रॅमची ४० मिमी लावली तर ठीक, पण ७०-२०० सारखी लांब लेन्स लावली की उजवं मनगट संध्याकाळी बोलायला लागतं. खाली स्क्रूने बसवायची जादा पकड मिळते, ती घेतली तर त्रास संपतो आणि रूपही थोडं जातं. मी लावलेली नाही. पट्टा मनगटाचा नको, गळ्यातलाच, रुंद.

ते काळं-पांढरं बटण काय आहे?

शटरच्या डायलीखाली खटका आहे: फोटो, काळा-पांढरा, व्हिडिओ. मधे ठेवला की भिंगातच सगळं जग काळं-पांढरं दिसतं. मेन्यूत शिरायचं नाही. जेपेग काळी-पांढरी येते, पण रॉ (सेन्सरची मूळ फाइल) सोबत ठेवलं तर रंग त्यात शाबूत राहतात.

घेताना मला हा खटका म्हणजे पोरखेळ वाटला होता, आणि आज सगळ्यात जास्त झिजणार असेल तर तोच. चिकोडी-निपाणीकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर पहाटे जाऊन बघा. चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस, काहिलीवरून उठणारी दाट वाफ, मधे एकच पिवळा बल्ब. रंगात काढला की तो पिवळा रंग सगळ्या फोटोवर सांडतो आणि वाफ मळकट दिसते. खटका सरकवला की भिंगात उरतात फक्त तीन गोष्टी: जाळाचं तोंड, वाफेचा पडदा आणि गुळव्याचा हात, ज्याने तो उलथणं बाजूला ठेवून थोडा पाक पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी होते का बघतो. त्या गोळीवरून तो काहील उतरवायची ठरवतो. मी त्याच्या बोटांवर फोकस धरून १२५ वर थांबलो होतो. आयएसओ ६४०० होता, दाणे दिसतात, आणि काळ्या-पांढऱ्यात ते दाणे मला चालतात.

पण गूळ वाफ्यात ओतला की खटका परत रंगावर. ताज्या गुळाचा रंग काळ्या-पांढऱ्यात काढणाऱ्याला गुळव्याने काहिलीजवळ उभं करू नये.

मोनोक्रोमचे प्रकार तीन आहेत. साधा, सपाट आणि गडद. माणसांसाठी सपाट, दगडासाठी गडद असं माझं ढोबळ गणित.

अंधारात कसा?

फार चांगला. खानापूर तालुक्यात हलशीला भूवराह नरसिंहाचं कदंबकालीन देऊळ आहे. आत गाभाऱ्याकडे गेलं की समईएवढाच उजेड. हाताची थरथर सावरायचे कंपनी आठ स्टॉप (शटरचे टप्पे) सांगते. तेवढे प्रत्यक्षात धरू नका, पण श्वास रोखून पाव सेकंदाला दगडी खांबाचा फोटो हातात धरून स्वच्छ येतो. माणूस हलला तर तो पुसटच दिसणार. ही यंत्रणा आपला हात सांभाळते, समोरच्याचा नाही. देवळात आत फोटो काढू देतात का ते आधी पुजाऱ्यांना विचारा.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा खराब आहे काय?

नाही. दिव्यांचा खेळ आहे, आणि बेळगावातली वैशाखातली चित्ररथ मिरवणूक म्हणजे रात्रभर दिव्यांचाच खेळ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, म्हणून तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. उपाय म्हणजे शटर एक शतांश किंवा एक पन्नासांशावर ठेवणं.

आणि इथे डायल आडवी येते, कारण तिच्यावर १२५ आणि ६० कोरलंय, १०० कुठेच नाही! डायलीवर ‘१/३ स्टेप’ लिहिलेली एक जागा आहे. तिथे नेऊन ठेवा आणि मागच्या चाकाने १०० आणा. म्हणजे मिरवणुकीच्या रात्री कोरलेली डायल बाजूला ठेवून साध्या डिजिटल कॅमेऱ्यासारखंच वागावं लागतं. मेन्यूत फ्लिकर कमी करायची सोयही आहे, ती चालू करा. शटर मेकॅनिकल ठेवा. आवाज होऊ नये म्हणून सायलेंट मोड लावला असेल तर तो आधी काढा, पट्ट्यांचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं. ढोल-ताशात कॅमेऱ्याचा आवाज ऐकणार कोण?

चित्ररथावरच्या एलईडीच्या माळा आणि मोठे पडदे स्वतःच्याच लयीत लुकलुकतात. त्यांना शंभराचा हिशोब लागू नाही. तिथे शटर थोडं पुढे-मागे करत बघावं लागतं.

पावसात नेतोस काय?

नेतो, पण भीत भीत. धूळ आणि पाण्याचे शिंतोडे ह्यांपासून बचाव होईल अशी बांधणी आहे, असं कंपनी म्हणते. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जो पाऊस पडतो त्याला शिंतोडे म्हणत नाहीत. तिथे छत्री धरणारा एक मित्र आणि लेन्सला हूड, एवढं तरी हवं. चोर्ला घाटात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की काच धुरकट होते. पुसत बसू नका. बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

खरा शत्रू घरात आहे: बुरशी. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा हिरवी होते, तिथे लेन्सचं काय? काकांच्या लेन्समध्ये कडेला कोळिष्टकासारखे तंतू आले होते. कारागिराने उघडून साफ केले, पण कोटिंगवर फिकट डाग राहिला. चामड्याची बंद पिशवी सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक; काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान ठेवायचा. जेल ओलं झालं की गरम करून परत वापरता येतं, पण निळं जेल स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. केशरी घ्या. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणारे भेटतील. पिठूळ धूळ डायलींच्या फटीत बसते, आणि तांदूळही वाया.

लग्नाच्या ऑर्डरीला चालेल?

चालेल, पण त्याच पैशात त्या कामाला सोयीचे कॅमेरे मिळतात. ह्यात दोन कार्डं बसतात, एक नेहमीचं एसडी आणि दुसरं मायक्रोएसडी, दोन्ही खाली बॅटरीच्या दारात. अक्षता पडत असताना नखाएवढं कार्ड बदलायची वेळ येऊ नये. ट्रायपॉडची प्लेट लावली तर ते दार उघडायलाही प्लेट सोडवावी लागण्याची शक्यता. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायला लावलं तर वेग हळू कार्डाचा.

बॅटरी?

कंपनीचा हिशोब साडेतीनशे ते चारशे फोटोंच्या मधला. माझा अनुभव त्याहून बरा, कारण मी मागचा पडदा उलटा मिटून ठेवतो. पॉवर बँकेवरून टाइप-सी वायरने चार्ज होते. दुसरी बॅटरी घ्याच.

पडदा मिटून ठेवतोस ते कशाला?

मिटला की मागेही नुसतं दाणेदार आवरण दिसतं, आणि प्रत्येक फोटोनंतर बघायची खोड सुटते. अडचण एकच. गावात पोरांचा फोटो काढला की सगळी मागे धावतात, "दाखवा की ओ!" तेव्हा पडदा उघडावाच लागतो. न दाखवता निघणं बरं नाही.

व्हिडिओ?

फोर-के ३० फ्रेम उत्तम, ६० फ्रेमला चित्र कडेने कापलं जातं. मी फारसा करत नाही. यूट्यूबसाठीच घेणार असाल तर पकड असलेलं दुसरं काहीतरी बघा.

झेड एफ घ्यावा, झेडएफसी घ्यावा की फुजी?

झेडएफसी २०२१ चा, सेन्सर लहान, २०.९ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासह ४४५ ग्रॅम. हलका आणि स्वस्त, पण कॅमेऱ्यात थरथर सावरायची यंत्रणा नाही. कॉलेजच्या पोराला तोच सांगेन.

फुजीचा एक्स-टी५ हा २०२२ चा, ४०.२ मेगापिक्सेल, सेन्सर झेडएफसीच्याच मापाचा. त्यात पी-एस-ए-एम असा खटकाच नाही. लेन्सची रिंग आणि शटरची डायल दोन्हींवर ‘ए’ ही जागा असते. दोन्ही ‘ए’ वर ठेवल्या की कॅमेरा ठरवतो, एक हलवली की तेवढं आपल्या हातात. त्यामुळे कोरलेलं आणि चाललेलं सहसा जुळतं. माझ्याकडे जुन्या निकॉन लेन्सचा वारसा नसता तर मी तिकडेच गेलो असतो, हे निकॉनवाल्यांच्या बैठकीतही सांगतो आणि शिव्या खातो. एक्स१००-सिक्स सुरेख, पण लेन्स निघत नाही; दुसरा कॅमेरा म्हणून घेणाऱ्यांसाठी.

कोल्हापूरला किंवा गोव्यात स्वस्त पडतो म्हणे?

कर तरी सगळीकडे सारखाच. डिजिटल कॅमेऱ्यावर २०१९ च्या सुरुवातीपासून जीएसटी १८ टक्के आहे, बेळगावात तोच, कोल्हापुरात तोच, पणजीतही तोच. फरक पडतो तो दुकानदार किती सूट देतो त्याचा आणि सणातल्या ऑफरचा. झेड एफ आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत पावणेदोन लाखांच्या घरात होती, तेव्हा तीन ठिकाणी फोन करून मगच एसटीत बसा.

बिलाशिवाय "बाहेरून आलेला पीस" कितीही स्वस्त असला तरी नको, वॉरंटीच्या वेळी कोणी दारात उभं करत नाही. आणि तुमचा स्टुडिओ असेल, जीएसटी नंबर कर्नाटकचा असेल आणि माल महाराष्ट्रातून घेत असाल, तर बिलावर आपला तो नंबर घालून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) लागलाय ना ते काउंटरवरच बघून घ्या. तिथला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा कर) लावून दिला तर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, अडकतं, आणि बिल बदलून आणायला परत कोगनोळीचा नाका ओलांडावा लागतो.